दहाचा पंखा

पंख्याच्या बुंध्यावरचा आकडा झिजलाय.
रॉकेलचा बोळा फिरवला, खडू घासला,
बोटाच्या पेराने आंधळ्यासारखं चाचपलं.
एक आहे. एकापुढे काय होतं
ते कालावलच्या खाडीने खाल्लं.
दोन पाती बरी. तिसरं
कालवांच्या खडकावर कुरतडलेलं,
उंदराने भाकरी सोडावी तसं.

मोटार पंधरा घोड्यांची म्हणून घेतली
हडीच्या जुवेकरांकडून, तिसऱ्या हाताची.
त्यातले चार-पाच घोडे आता मेले असावेत.
उरलेले सकाळी दोरी खेच-खेच खेचल्यावर उठतात.

पास्कू मेस्त्री माडाखाली,
पुढ्यात गोणपाटावर पंखे मांडलेले
बाजारात पापलेटं मांडावीत तसे, लहानापासून मोठे.
भाच्याने गोव्याहून चकचकीत तेराचा आणला होता.
तो लावला की मोटार धापा टाकायची,
काळा धूर ओकायची,
होडी नाक वर करून तिथल्या तिथे.
पास्कू हसला नाही.
"नवऱ्यामुलाचो कोट आज्याक घातलंस," म्हणाला.

मग म्हणाला,
"समज, पानी म्हणजे सागवान.
एका फेऱ्यात दहाचो पंखो दहा इंच भितर शिरतलो,
इस्क्रूसारखो.
पन पानी सागवान न्हय. वायच सटाकता.
त्या सटकण्याचो हिशोब धरूक लागता."

चाळीस वर्षं खाडीत काढली,
पाणी किती सटकतं
ते मला कुणी इंचात सांगितलं नव्हतं.

"माणसां किती बसतत?"
"बारा."

बारा बसायची.
हायस्कूलची पोरं, टोपल्यांवर टोपल्या धरून बाया,
एकदा लग्नाचा अख्खा बेंडबाजा, ढोल मांडीवर,
एकदा बोकड, तो मी बारातच धरला.
मग पूल झाला.
मी आकडा बदलला नाही.

बारा ओढायची तर नऊचा.
त्याने चढवला, ग्रीस चोपडलं, नवी पिन वाकवली.

निघालो. होडीत मी, शाळेतल्या खोबरेकर बाई
आणि बर्फाचा खोका घेऊन रेमेतीन.
मूठ पिळली, मोटार किंचाळली.
रिकामं जातं फिरवावं तशी नुसती घरघर,
मागे फेसच फेस, पुढे काही नाही,
आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल असं तिचं एकच,
बारा नाहीत, बारा नाहीत.
बगळे उठले.
बाईंनी कानात बोटं घातली.
मी अर्ध्या खाडीतून होडी फिरवली.

पास्कू चहा ओतत होता. वर पाहिलं नाही.
"खरा सांग आता."
"तीन," मी म्हणालो. "बुधवारी बाजार. तेव्हा पाच."

त्याने हळहळ केली नाही, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.
दहाचा उचलला. पात्याला टिचकी मारून ऐकली.
"मोटार दमलेली, म्हणान अकरा नको.
माणसां तीन, म्हणान नव नको."
पैसे पाचशे कमी घेतले,
तिसऱ्यांचा वाटा धाडायच्या बोलीवर.

संध्याकाळी जुना पंखा पुन्हा उजेडात धरला.
एकापुढचं ते शून्य असावं.
एकही असेल.
मी शून्य वाचलं.

आता बाई पलीकडे पोचेपर्यंत
सात-आठ वह्या तपासतात. लाल रेघ हलत नाही.
मोटार एका सुरात बोलते,
मध्येच खोकते, तेवढं वयाचं.

नऊचा मात्र परत दिला नाही.
गोणपाटात गुंडाळून, दोन पिना नि एक पाना जोडीला,
पुढच्या फळीखाली ठेवलाय.
जत्रेच्या रात्री पुलावर गाड्या अडकतात,
तास तास हलत नाहीत.
तेव्हा कुणी सांगावं,
बारा जण येतील.